हुनर आहे, दाखला कुठे?

जलसा शैक्षणिक असो की राजकीय, व्यासपीठावरून एक वाक्य हमखास येते : "आपली कौम हुनरमंद आहे." टाळ्या पडतात. आम्हा उर्दू शाळेतल्या शिक्षकांना मात्र हजेरीपटावरची ती नावे आठवतात, जी आठवीत असतात आणि नववीत नसतात. ती मुले गॅरेजवर, लूमवर, वेल्डिंगच्या दुकानात आहेत. काम त्यांना येते; पण ते येते असे सांगणारा कागद त्यांच्याकडे नाही.

मालेगाव-भिवंडीचे उदाहरण घ्या. १ जानेवारी २००५ रोजी जागतिक कापड व्यापारातली कोटा पद्धत संपली आणि स्पर्धा उघडी झाली. साध्या मागाचा दोष कारागीर आवाजावरून ओळखतो. रॅपिअर मागावर मात्र समोर इलेक्ट्रॉनिक पॅनेल असते, त्यावरचे आकडे आणि सूचना वाचाव्या लागतात. तिथे वीस वर्षांचा अनुभव अपुरा पडतो.

आखाताचेही तेच. कोकणातली कित्येक घरे आखाती कमाईवर उभी राहिली. पण १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर'चा शेरा पडतो आणि आखातात नोकरीला जायला सरकारी परवानगी लागते. सौदी अरेबियाने तर २०२२ पासून प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांची कौशल्य-परीक्षा भारतातच घेण्याचा कार्यक्रम सुरू केला. 'उस्तादाकडे शिकलो' हे उत्तर तिथे चालत नाही.

मुस्लिम कामगारांचा मोठा हिस्सा असंघटित क्षेत्रात आणि स्वयंरोजगारात असल्याचे सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवले होते. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. तिच्यातल्या काही आठवड्यांच्या वर्गांना आमचा विरोध नाही. पण आयटीआयच्या दोन वर्षांच्या इलेक्ट्रिशियन वा फिटर अभ्यासक्रमाची जागा ते कसे घेणार? आणि आमच्या मोहल्ल्यात कौशल्य म्हटले की मुलींसाठी शिवणयंत्र आणि मेंदी एवढेच का आठवते? इलेक्ट्रॉनिक्स, ड्राफ्ट्समन, संगणक हे ट्रेड त्यांनी का घेऊ नयेत?

उर्दू माध्यमाची अडचण वेगळी आहे. आमचा विद्यार्थी काटकोनाला 'जाविया कायमा' आणि विद्युतरोधाला 'मुजाहमत' म्हणून शिकतो. आयटीआयत हेच मराठीतून वा इंग्रजीतून समोर येते. गणित त्याला येत असते. अडवतो तो शब्द. यावर उर्दू शाळा बंद करा, असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाने हैदराबाद, दरभंगा, बंगळुरू येथे आयटीआय चालवून दुसरा मार्ग दाखवला आहे. महाराष्ट्रात निदान उर्दू, मराठी, इंग्रजी अशी तिहेरी शब्दसूची आठवीपासून प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लागली पाहिजे. त्यासाठी कुठल्या जी.आर.ची वाट पाहायची गरज नाही.

सरकारकडे मागायचे ते मागूच : मुस्लिमबहुल वस्त्यांजवळ आयटीआय, मुलींची वसतिगृहे, १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यांत जागा. पण दहावीआधी मुलाला कामावर धाडायचे नाही, हा निर्णय मोहल्ल्यानेच घ्यायचा आहे. आमच्या बुजुर्गांनी १९३६ मध्ये मुंबईत भायखळ्याला साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था उभी केली. त्यानंतर आपल्या शहरात तंत्रशिक्षणाच्या संस्था किती झाल्या आणि शादीखाने किती, हे पुढच्या जलशात व्यासपीठावरून कोणी तरी मोजून सांगावे. टाळ्या आम्ही त्यानंतर वाजवू.