श्रमिकाची टोपी

मनुष्याच्या पोशाखावरून त्याची योग्यता ठरविण्याची खोड फार जुनी आहे. ती किती फसवी आहे, हे इंग्लंडातील एका साध्या चपट्या टोपीच्या इतिहासावरून समजते.

ही टोपी लोकरीच्या जाड कापडाची असते. तिचा माथा चपटा असून तो पुढे उतरत जाऊन डोळ्यांवरच्या आखूड, ताठ कडेला मिळतो. रिमझिम पावसाने ती लवकर भिजत नाही, वाऱ्याने सहसा उडत नाही आणि घडी केली की खिशातही मावते. तिच्या एका प्रकारात आठ त्रिकोणी तुकडे माथ्यावर एका गुंडीशी जुळविलेले असतात. अमेरिकेत वर्तमानपत्रे विकणारी मुले अशी टोपी घालीत. म्हणून तिला त्यांचेच नाव मिळाले. इटलीतील सिसिली बेटावर अशाच टोपीला ‘कोप्पोला’ म्हणतात.

इंग्लंडात लोकरीच्या टोपीसाठी एकदा कायदाही झाला होता. टोप्या करणाऱ्या कारागिरांचा धंदा बसू लागला, तेव्हा १५७१ मध्ये पार्लमेंटने फर्माविले, की सहा वर्षांवरील सर्व सामान्य पुरुषांनी व मुलांनी रविवारी आणि सणाच्या दिवशी देशातच बनलेली लोकरीची टोपी घालावी. न घालील त्याला दंड! सरदार व प्रतिष्ठित लोकांना मात्र सूट होती. १५९७ मध्ये हा कायदा रद्द झाला. सक्तीने टोपी डोक्यावर चढविता येते; मनात तिच्याविषयी प्रेम उत्पन्न करता येत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात गिरण्यांत, खाणींत आणि गोद्यांत राबणाऱ्या लोकांनी चपटी टोपी आपण होऊन स्वीकारली. कारण ती सोयीची होती. श्रीमंत लोकही शिकारीला किंवा गोल्फ खेळताना ती घालीत. पण गंमत पाहा! धनिकाच्या डोक्यावर ती हौस ठरे, तर मजुराच्या डोक्यावर ती हलकेपणाची खूण मानली जाई. टोपी तीच, पाहणाऱ्यांची नजर मात्र निराळी!

बालपणापासून कोळशाच्या खाणीत राबलेले कीर हार्डी १८९२ मध्ये पार्लमेंटचे सभासद झाले. तेथे उंच रेशमी टोपी घालून जाण्याची रीत होती. हार्डी साध्या कापडी टोपीनेच गेले. त्यांच्यावर टीका झाली. पण ज्यांनी आपल्याला निवडून दिले, त्यांचा वेष त्यांना कमीपणाचा वाटला नाही. हेच हार्डी १९०७ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले आणि येथील लोकांच्या स्वराज्याच्या हक्काचा त्यांनी पुरस्कार केला.

पोशाख स्वच्छ व नीटनेटका असावा, यात शंका नाही. परंतु तो उंची असलाच पाहिजे, हा आग्रह कशासाठी? टोपीमुळे माणसाला मोठेपण येत नाही. उलट तिच्याखालच्या माणसाच्या कष्टांमुळे साध्या टोपीलाही मान मिळतो. म्हणून कोणाचीही पारख करताना आधी त्याचे काम पाहावे आणि मग वाटल्यास त्याची टोपी!