अंतराचे काम आणि लेखी शब्द

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांतील अनेक तरुण जालना जिल्ह्यातील आपापल्या गावी परतले. पुढे बरेच जण शहरात गेले; काहींचे काम मात्र घरूनच चालू राहिले. घरभाडे वाचले, वृद्ध आईवडिलांना आधार मिळाला. ही जमेची बाजू निर्विवाद आहे. परंतु मालक शहरात आणि कर्मचारी गावात, अशा या नात्याचे नियम कोणी ठरविले?

कामाची वेळ सायंकाळी संपते, निरोप मात्र रात्री दहाला येतो. वीज गेली तर तो दिवस कोणाच्या खात्यावर मांडायचा? दुसरीकडे, जो डोळ्यांसमोर नाही त्याच्या कामाचे मोजमाप कसे करावे, हा कंपनीचा प्रश्नही रास्तच आहे. उत्तर नसले की एकीकडे संशय वाढतो, दुसरीकडे धास्ती.

दूरच्या मालकासाठी राबणे या जिल्ह्याला नवे नाही. येथील ऊसतोड कुटुंबे दर हंगामात परमुलखातील कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल तोडणीतून फेडायची. खाडा पडला तर कपात. फिटले नाही तर बाकी पुढील वर्षाच्या माथी. व्यवहार बहुतांशी तोंडी. तंटा झाला की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम कारखान्याकडे. संगणकावरील नोकरदाराचे हाल तसे नाहीत, हे उघड आहे. तथापि धडा एकच आहे: जेथे अंतर मोठे, तेथे न लिहिलेल्या अटीचा अर्थ बलवान पक्षच लावतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र बंधनकारक केले आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण पद आणि वेतन एवढ्यावर ते पत्र संपू नये. संपर्काची वेळ कोणती, काम तासांवर मोजायचे की पूर्ततेवर, वीज व इंटरनेटचा खर्च कोणाचा, कार्यालयात कधी बोलाविले जाईल, हे त्यात स्पष्ट असावे. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे निदान दोन्ही पक्षांनी तो कागदावर मान्य करण्यास कोणाची आडकाठी आहे?

लेखी अट म्हणजे अविश्वास नव्हे. चोख व्यवहारावरच विश्वास टिकतो.