अनोळखी फाईल उघडायचीच नाही, तर ऑर्डर घ्यायची कशी?

सायबर जनजागृतीची जी जी पोस्टर मी पाहिली, त्यांवर एक वाक्य हमखास असतं. अनोळखी माणसाने पाठवलेली फाईल उघडू नका. आमच्या जोह्यात हा सल्ला पाळायचा ठरवला तर कारखाने बंदच करावे लागतील. जोहे, हमरापूर हा सगळा पट्टा गणपतीच्या मूर्तींवर जगतो, आणि नवा व्यापारी पहिल्या दिवशी अनोळखीच असतो. त्याच्याकडून फोटो येतात, मापांची पीडीएफ येते, कधी झिप येते. सगळं उतरतं ते कारखान्यातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर. त्याच्यावरच बँक, त्याच्यावरच जीएसटी.

म्हणून मी सँडबॉक्सच्या बाजूचा आहे. संशयित फाईल बंद खोलीत उघडायची, तिने काय गोंधळ घालायचा तो तिथेच घालू दे. विंडोजचा स्वतःचा सँडबॉक्स २०१९ पासून आहे, पण होम आवृत्तीत तो मिळत नाही, आणि स्वस्त लॅपटॉपवर बहुतेक होमच असतं. सँडबॉक्सी नावाचा जुना प्रोग्रॅम २०२० पासून ओपन सोर्स आहे, तो होमवरही चालतो.

पण खरी गोची मेन्यूत आहे. फाईलवर राइट क्लिक केलं की 'ओपन' आणि 'रन सँडबॉक्स्ड' एकाच यादीत. हात घाईत, बोटाला रंग, माउस जुना. एक ओळ चुकली की फाईल खोलीबाहेर उघडली. वर विंडोज फाईलचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे पीडीएफ दिसणारी वस्तू ईएक्सई असू शकते.

दुसरी चूक उलट्या दिशेची. खोली रिकामी करण्याची आज्ञाही अशाच मेन्यूत असते. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात पोरगा अशाच एका प्रोग्रॅमच्या खोलीत ऑर्डरींची यादी भरत राहिला. ऐन श्रावणात कुणाच्या तरी हातून ती खोली रिकामी झाली. मग चार दिवस फोनवर फोन, कुणाची दीड फुटी, कुणाची अडीच, पितांबर कुठल्या रंगाचं. सगळे पोरावर ओरडले. माझ्या मते पोराची चूक नव्हती. आखणीचा बारीक ब्रश आणि घासायचा पॉलिश पेपर आपण एका डब्यात ठेवतो का?

'नक्की करायचं का?' असं विचारणारी खिडकी असते ना, असं म्हणाल. १३ जानेवारी २०१८ ला हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा सगळ्यांच्या मोबाईलवर गेला, तो चुकीचा असल्याचा संदेश ३८ मिनिटांनी आला. आधी सांगितलं, मेन्यूत चुकीची ओळ निवडली गेली. नंतर चौकशीत कळलं की त्या कर्मचाऱ्याला सराव खराच वाटला होता. पण त्याच चौकशीत हेही आलं की सरावाला आणि खऱ्या इशाऱ्याला खिडकीतला प्रश्न एकच होता. रोज 'हो' दाबणारा माणूस तेव्हाही 'हो'च दाबणार.

तेव्हा मेन्यूत जायची वेळच येऊ नये, अशी मांडणी करा. सँडबॉक्सीत एखादा फोल्डर सक्तीचा ठरवता येतो, त्यातून जे चालवाल ते आपोआप खोलीतच चालतं. डाउनलोड्स फोल्डर तसा करून टाका. ब्राउझरचा खोलीतला वेगळा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा. खोली पुसली जाऊ नये अशी खूण सेटिंगमध्ये असते, ती लावा. खिडकीभोवतीची रंगीत चौकट बंद करू नका, कुठे काम चाललंय ते तिच्यावरूनच कळतं. आणि ऑर्डरींची यादी खोलीत ठेवूच नका, ती बाहेर, शिवाय तिची एक प्रत पेनड्राइव्हवर.

हे पाऊण तासाचं काम आहे. पोस्टर छापायला जो खर्च होतो, त्यातला थोडा एखाद्या जाणत्या पोराला द्या आणि त्याला कारखान्याकारखान्यात पाठवा. तेही माघ-फाल्गुनात. श्रावणात आमच्याकडे कुणाला मान वर करायला फुरसत नसते. आणि पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा, घरी भांडत बसू नका.