लाल शाई कशावर सांडायची?

गेल्या गणपतीत आमच्या वाडीतला एक दादा पुण्याहून आला होता. पॉलिटेक्निक करून तो तिकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला आहे. वाडीतला तो पहिला इंजिनियर आणि आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून आमचे थोडे जमते. आरती झाली होती, जाखडीवाले यायला अजून वेळ होता आणि दादा ओटीवर लॅपटॉप उघडून बसला होता. सुट्टी मिळाली तरी काम सुटत नाही म्हणाला. मी शेजारी बसून पाहत होते. पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या वेड्यावाकड्या ओळी होत्या. काही आत सरकलेल्या, काही बाहेर आलेल्या. त्याने एक बटण दाबले आणि साऱ्या ओळी आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. शाळेत पी. टी.च्या सरांनी शिट्टी मारावी आणि पोरांनी रांगेत यावे, तशा.

"दादा, हे काय केलंस?"

"मी नाय काय केलं. फॉर्मॅटरने केलं."

कला शाखेच्या द्वितीय वर्षातल्या मुलीने या विषयावर लेखणी उचलावी हा काहींना आगाऊपणा वाटेल. परंतु त्या रात्री दादाने जे सांगितले, त्याचा संबंध संगणकापेक्षा आपल्या वह्यांशी अधिक आहे असे मला वाटते, म्हणून हा प्रपंच.

प्रोग्रॅम म्हणजे शेवटी माणसाने लिहिलेला मजकूरच. त्याला सोर्स कोड म्हणतात. ओळी कशाही मांडल्या तरी बहुतेक भाषांत यंत्राला त्याचे सोयरसुतक नसते, त्रास होतो तो माणसाला. एकाच मजकुरावर दहा-वीस जण काम करतात. एक जण चार जागा सोडून लिहितो, दुसरा दोन सोडतो. एक जण कंस त्याच ओळीत उघडतो, दुसरा खालच्या ओळीत. वाचणाऱ्याचा जीव त्यातच अर्धा होतो. म्हणून नियम आले. पायथॉन नावाच्या भाषेसाठी २००१ साली एक नियमावली लिहिली गेली. डावीकडे चार जागा सोडाव्यात, ओळ ७९ अक्षरांपेक्षा लांब नसावी, असे तिचे स्वरूप. पण नियम कागदावर राहिला की तो पाळायला लावणारा माणूस लागतो, आणि तिथूनच कुरबुरी सुरू होतात.

मग ते काम यंत्रावर सोपवले गेले. त्याची सुरुवात जुनी आहे. १९७८ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 'लिंट' नावाचा प्रोग्रॅम केला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेला कापसाचा तंतू. तो शोधावा तशा हा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मजकुरातल्या संशयाच्या जागा दाखवतो. फॉर्मॅटर हा त्याच्या पुढचा भाऊ, तो नुसता दाखवत नाही, मांडणी स्वतःच नीट करून देतो. २००९ साली गूगलने 'गो' ही भाषा लोकांपुढे आणली तेव्हा तिच्याबरोबर 'गोफम्ट' हे साधनही दिले. ती भाषा वापरणाऱ्यांत असे म्हणतात की गोफम्टची मांडणी कोणाचीच खास आवडती नाही, पण गोफम्ट मात्र सर्वांना आवडतो. पायथॉनसाठी २०१८ साली 'ब्लॅक' आला. त्यात आपल्या आवडीला जवळजवळ वावच नाही. हेन्री फोर्ड म्हणे गिऱ्हाइकाला सांगत असे की गाडी हव्या त्या रंगाची घ्या, फक्त तो रंग काळा असला पाहिजे. त्यावरून हे नाव.

हे ऐकून मला प्रथम वाईटच वाटले. सगळ्यांचे एकाच साच्यातले लिहिणे ही काय मोठी गोष्ट झाली? तेव्हा दादाने त्याच्या पहिल्या वर्षाची हकीकत सांगितली. त्याने केलेले काम वरिष्ठांकडे तपासायला जाई आणि शेरे घेऊन परत येई. एकदा एकाच कामावर सतरा शेरे आले, सतराच्या सतरा रिकाम्या जागा आणि स्वल्पविराम यांच्याबद्दल. त्या कामात हिशेबाची एक खरी चूक होती, ती मात्र कोणाच्याच नजरेस पडली नाही. महिन्याभराने ती गिऱ्हाइकाला सापडली. पुढे त्यांच्याकडे फॉर्मॅटर आला. आता शेरे थोडे येतात, पण जे येतात ते कामाचे असतात. "आता मला कोण बावळट नाय म्हणत," दादा हसत म्हणाला. हसला खरा, पण ते वर्ष तो विसरलेला नाही हे दिसत होते.

मला माझा निबंध आठवला.

अकरावीत असताना मी एका निबंधस्पर्धेत भाग घेतला होता. विषय पावसाचा होता. मी आमच्या लावणीबद्दल लिहिले. त्या वर्षी आमचा तरवा पाण्याखाली जाऊन कुजला, आईने शेजारच्या वाडीतून तरवा मागून आणला, आणि मागून आणलेल्या तरव्याची लावणी करताना ती दिवसभर कोणाशी बोलली नाही, असे काहीसे. निबंध परत आला तेव्हा त्यावर तेवीस लाल वर्तुळे होती. मी मोजली. 'आणी', 'परंतू', 'दीवस'. खाली एक ओळ होती: शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. आईच्या न बोलण्याबद्दल एक अक्षर नव्हते.

वर्तुळे चुकीची होती असे मी म्हणत नाही. 'आणि'तला इकार ऱ्हस्वच हवा. पण 'पाणी' आणि 'आणि' यांचा शेवट कानाला सारखाच ऐकू येतो हेही खरे आहे. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहावा असा मराठीचा सर्वसाधारण नियम, आणि 'आणि', 'नि' हे त्याला अपवाद. हा अपवाद कानाने कळत नाही, डोळ्याने शिकावा लागतो, आणि त्यासाठी घरात छापील कागद लागतो. आमच्या घरात माझ्या पाठ्यपुस्तकांआधी छापील म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर होते. ज्याच्या घरी कपाटभर पुस्तके आहेत त्याला शुद्धलेखन आईच्या दुधाबरोबर मिळते, आणि मग तो त्याला हुशारी समजतो.

एकसारखे लिहिण्याचा हा वाद आपल्या रत्नागिरीला नवा नाही. टिळक आळीतल्या ज्या घरात १८५६ साली लोकमान्यांचा जन्म झाला ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांच्या शाळकरी वयातली एक गोष्ट चरित्रांतून सांगतात. शुद्धलेखनात त्यांनी एकच शब्द 'संत', 'सन्त' आणि 'सन्‌त' असा तीन प्रकारे लिहिला. मास्तरांनी पहिला तेवढा बरोबर धरला, आणि टिळक तिन्ही बरोबर म्हणून हटून बसले. ही गोष्ट आपण त्यांच्या बाणेदारपणासाठी ऐकतो. पण संगणकाच्या दृष्टीने मास्तरांचेही थोडे बरोबर होते. 'संत' शोधायला सांगितले तर साधा शोध 'सन्त' दाखवत नाही, त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. पुढे १९२४ ते १९३७ या काळात सावरकर इथे स्थानबद्ध असताना त्यांनी लिपिसुधारणेची चळवळ केली. इ, ई, उ, ऊ यांच्याऐवजी अि, अी, अु, अू लिहावे म्हणजे छापखान्याचे खिळे कमी लागतील, असा त्यात विचार होता. ती बाराखडी काही रुजली नाही. १९६२ साली शासनाने साहित्य महामंडळाचे चौदा नियम मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, आणि 'नाहीं', 'केलें' यांवरचे अनुस्वार गेले. ग्रंथालयातली जुनी पुस्तके उघडली की ते टिंब अजून भेटतात.

तेव्हा एकसारखेपणा हवाच. माझा प्रश्न एवढाच आहे की तो राखण्याचे काम कोणी करायचे? माझे मत असे की ते यंत्राने करावे आणि माणसाने वाचावे. आज संगणकावर आणि फोनवर मराठीचे शुद्धलेखन तपासणारी साधने आहेत. ती परिपूर्ण नाहीत, पण 'आणी' पकडायला पुरेशी आहेत. विद्यार्थ्याने ट्यूटोरियल देण्याआधी ते त्यातून काढावे. मग प्राध्यापकांची लाल शाई विचारावर सांडायला मोकळी राहील.

आईला हे सांगितले तेव्हा तिला ते माझ्यापेक्षा लवकर कळले. ती काही वर्षे काजूच्या कारखान्यात गर वेगळे करायला जात होती. दोनशेचाळीस आणि तीनशेवीस या काजूच्या प्रती तिला डोळ्याने ओळखता येतात (एका पौंडात साधारण किती गर बसतात त्याचे ते आकडे आहेत). ती म्हणाली, "मशीन काय वरडत नाय गो बाय. मुकादम वरडतो."

यावर आक्षेप असा येईल की यंत्रानेच सुधारले तर मुलांना येणार काय? आक्षेप खरा आहे, विशेषतः परीक्षेच्या दालनात यंत्र नसते म्हणून. पण दादाचा अनुभव उलटा आहे. रोज आपली ओळ नीट होताना पाहून हात आपोआप तसा वळतो. मलाही 'परंतु' तेवीस वर्तुळांनी शिकवला नाही, फोनखालच्या लाल रेघेने शिकवला. ती रेघ फक्त मला दिसत होती, सगळ्या वर्गाला नाही. शिकण्याला एवढा आडोसा पुरतो.

माझी खरी भीती वेगळी आहे. फॉर्मॅटर आपली मर्यादा ओळखतो. 'ब्लॅक' मांडणी बदलल्यावर आधीचा आणि नंतरचा प्रोग्रॅम अर्थाने तोच राहिला की नाही हे ताडून पाहतो. लिहिणाऱ्याने ठेवलेल्या नावांना तो हात लावत नाही. पायथॉनमध्ये ओळीच्या डावीकडची जागा अर्थ ठरवते, म्हणून तिथे कोणती ओळ कशाच्या पोटात जाते हे तो स्वतः ठरवत नाही. म्हणजे अंगण झाडून देतो, घराचे नाव बदलत नाही.

आपल्या फोनचे तसे नाही. मी 'तरवा' लिहिला की तो त्याचे 'करवा' करतो. 'पऱ्ह्या'खाली लाल रेघ, 'व्हाळ'खाली लाल रेघ. 'दिन' आणि 'दीन' यांत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, तिथे रेघ ओढावी, मी आभार मानीन. पण 'तरवा' ही चूक नाही, तो रोपांचा वाफा आहे, आणि त्याला आमच्याकडे दुसरे नाव नाही. महामंडळाचे नियमसुद्धा इतके कडक नाहीत. पात्राच्या तोंडी बोलण्यातली रूपे 'असं', 'केलं' अशी अनुस्वार देऊन लिहावीत असा त्यांतच एक नियम आहे. बोलणाऱ्याला त्याच्या बोलण्याप्रमाणे लिहिता यावे हे नियम करणाऱ्यांना १९६२ साली उमगले होते. बोलणारे कोण हे यंत्राला कळत नाही, म्हणून शब्द बदलायची परवानगी त्याला असू नये. त्याने विचारावे, आणि मी 'राहू दे' म्हटले की ऐकावे. कोकणातल्या शब्दांची यादी करून अशा साधनाला शिकवणे हे संगणकवाल्यांचे एकट्याचे काम नाही. ते आपल्या मराठी विभागातल्या मुलामुलींनाही जमेल, कारण हे शब्द आपल्या घरात आहेत.

हा लेख मी प्रथम वहीत लिहिला, मग फोनवर उतरवला आणि तपासून घेतला. एकोणीस चुका निघाल्या, त्यांतल्या अकरा 'ि' आणि 'ी' यांच्या. त्या सुधारल्या आहेत. संपादक मंडळाला आणखी काही सापडल्यास त्यांनी खुशाल दुरुस्त कराव्यात. 'तरवा', 'पऱ्ह्या' आणि 'व्हाळ' एवढे मात्र आहेत तसेच छापावेत, आणि आईच्या वाक्याला हात लावू नये.