कोळंबी एक, कढया दोन

घरी पाहुण्यांना वाईन द्यायची ठरली की यजमान हल्ली आधी तक्ता शोधतो. तक्ता कुठूनही घ्या, सारखाच निघतो. माशाला पांढरी, मटणाला तांबडी, आणि चीजची थाळी मांडली असेल तर तिच्याशेजारी पुन्हा तांबडी. सोवळ्याओवळ्याच्या यादीसारखा तो पाळला जातो आणि कुठे चुकले तर यजमान ओशाळतो; पाहुण्याच्या लक्षातही आलेले नसते. माझे म्हणणे असे की मुंबईच्या जेवणापुढे हा तक्ता टिकत नाही. आणि त्याला कंटाळून ‘आपल्या तिखटाला वाईन जुळतच नाही’ असे जाहीर करून जे व्हिस्कीची बाटली काढतात, तेही त्याच चुकीचे वाटेकरी आहेत. दोघेही माशाचे नाव विचारतात. वाटण कसले आहे हे कोणी विचारत नाही.

तक्त्याची परीक्षा घ्यायची तर शीव कोळीवाड्यात घ्यावी. इथे कोळ्यांची जुनी वस्ती आहे, आणि तिला लागूनच फाळणीनंतर आलेल्या पंजाबी आणि सिंधी निर्वासितांची. हार्बर मार्गावरच्या ज्या स्टेशनाचे नाव पूर्वी ‘कोळीवाडा’ होते ते आता ‘गुरु तेगबहादूर नगर’ झाले, यात त्या शेजाराचा सगळा इतिहास आला. या निर्वासितांच्या कढईतून ती लालभडक कोळंबी निघाली, जी आज देशभरच्या हॉटेलांत ‘प्रॉन्स कोळीवाडा’ म्हणून मिळते. पहिल्यांदा कोणी तळली यावर दावे बरेच आहेत, त्यात मी पडत नाही. पण तिची कूळकथा कढईतच दिसते. बेसन, ओवा, लसूण, लाल तिखट, वरून लिंबू. ती अमृतसरी मच्छीची बहीण आहे. कोळणीच्या चुलीशी तिचे नाते फक्त पत्त्याचे.

आता त्याच वस्तीतल्या कोळणीच्या घरी या. कोळंबी तीच. पण तिला बेसनाचा स्पर्श नाही. ठेचलेला लसूण, हळद, मिरची, घरचा कोळी मसाला, चिंचेचा कोळ किंवा आमसूल, कैरीचे दिवस असतील तर कैरी. पातळ, आंबट, झणझणीत कालवण, आणि ते भातावर ओतायचे. कुणाकडे खोबरे पडते, कुणाकडे नाही.

तक्त्यात मात्र या दोघींना एकच खण आहे: कोळंबी म्हणजे सॉव्हिन्याँ ब्लाँ. बेसनात तळलेल्या कोळंबीला ती छान जाते, हे मी नाकारत नाही. तेल, मीठ आणि बेसनाचा जाडपणा कापायला आंबट, कोरडी, थंड वाईन हवीच. बुडबुड्यांची असेल तर दुधात साखर. पण तीच बाटली कालवणाशेजारी ठेवा. चिंच वाईनपेक्षा आंबट. जेवण वाईनपेक्षा आंबट झाले की वाईन बेचव, पाणचट लागते. शिवाय तळणीत तिखट पिठाच्या आवरणात अडकलेले असते; कालवणात ते रस्साभर विरघळलेले असते आणि प्रत्येक घासाला जिभेवर सगळीकडे पसरते. अशा वेळी थोडी गोडसर आणि कमी मद्यार्काची वाईन लागते. नाशिकची शेनिन ब्लाँ किंवा रिसलिंग. कोळंबी एक, उत्तरे दोन. पाव आणि भात यांच्यातला फरक यात मी अजून धरलेलाही नाही.

तिखटाचे हे म्हणणे नुसते खवय्याचे नाही. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला चेतवते तोच ग्राही उष्णतेची जाणीव देतो. एरवी तो सुमारे ४२ अंशांना जागा होतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले की मद्यार्काच्या सान्निध्यात तो सुमारे ३४ अंशांनाच जागा होतो, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या उष्णतेलाही. मिरचीवर मद्यार्क ओतणे म्हणजे आगीत तेल. १४.५ टक्क्यांची दणकट शिराझ कोळी मसाल्यावर का भडकते आणि ११-१२ टक्क्यांची थंड शेनिन का शमवते, याचे कारण इथे आहे. ‘तिखटाला जोरदार वाईन हवी’ असे जे ठासून सांगतात त्यांनी हा प्रयोग स्वतःवर करावा, पाहुण्यांवर नको.

तक्त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. मासा आणि तांबडी वाईन यांचे वाकडे आहे, हा निव्वळ युरोपी बडेजाव नव्हे. २००९ मध्ये जपानच्या मर्सियन कंपनीतल्या संशोधकांनी स्कॅलपबरोबर अनेक वाईन चाखून पाहिल्या आणि तोंडात मागे राहणाऱ्या उग्र हिमूस वासाचे मूळ वाईनमधल्या लोहात सापडले. लोह जास्त तितका वास जास्त. पण याच निष्कर्षाने नियमाचा पाया खचतो. दोष रंगाचा नाही, लोहाचा आहे; लोह कमी असलेली तांबडी वाईन त्या चाचणीत निर्दोष सुटली. तेव्हा नियम पाळायचा तर कारणासकट पाळावा. बाटलीवर लोहाचे प्रमाण छापलेले नसते, म्हणून ताज्या बोंबलाला तांबडी देण्याचा जुगार मी खेळणार नाही, एवढेच.

तक्त्यातली आणखी एक ओळ अशी की तांबडी वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी. कोणाच्या खोलीच्या? ज्यांनी ते लिहिले त्यांची दगडी भिंतींची खोली १६ ते १८ अंशांची होती. मे महिन्यात शीवच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खिडक्या उघड्या ठेवून संध्याकाळी सातला पारा तिशीच्या वर असतो. तेवढ्या उष्णतेत तांबडी वाईन उकळून निवलेल्या काढ्यासारखी लागते आणि पाहुणा समजतो की भारतीय वाईन वाईट. तांबडी बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ज्याला नाक मुरडायचे असेल त्याने मुरडावे.

आता चीज. पाहुणचारात वाईन आणि चीज यांचे लग्न इतके पक्के समजले जाते की त्याबद्दल बोलणे म्हणजे औचित्यभंग. पण २००६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी प्रशिक्षित चाखणाऱ्यांना आठ तांबड्या वाईन आठ प्रकारच्या चीजनंतर प्यायला दिल्या. निष्कर्ष यजमानांना आवडणारा नव्हता. चीजनंतर वाईनची फळांची चव, लाकडाचा वास, आंबटपणा, तुरटपणा, जवळजवळ सगळेच मंदावले. फक्त लोण्यासारखा वास वाढला. चीजमधली प्रथिने वाईनमधल्या तुरट द्रव्याला धरून ठेवतात आणि मेद जिभेवर थर चढवतो. वाईन ‘मऊ’ लागते ती या कारणाने. खराब तांबडी खपवायची असेल तर चीज फार कामाची आहे. चांगली बाटली उघडली असेल तर चीज तिच्यावर पांघरूण घालते.

मुंबईच्या मध्यमवर्गाने मात्र चीजचा प्रश्न आधीच, आणि माझ्या मते बरोबर, सोडवला होता. काडीवर टोचलेला अमूल चीजचा चौकोन, अननसाचा तुकडा आणि लाल चेरी. वाढदिवसापासून साखरपुड्यापर्यंत तो सगळीकडे फिरला आणि नंतर त्याची टिंगलही झाली. पण खारट, सौम्य प्रक्रिया केलेली चीज आणि गोड-आंबट फळ यांच्याशेजारी थंड, किंचित गोड पांढरी वाईन ठेवून बघा. कुणाचेच कुणाशी भांडण होत नाही. तेलकट पापुद्र्याची महागडी परदेशी चीज फ्रीजमधून थेट काढून वाढणाऱ्यांपेक्षा ती काडी जास्त प्रामाणिक होती. चीजची ऊब यायला तास लागतो, आणि मुंबईत त्या तासात तिचा ओघळ होतो, हेही तक्त्यात नसते.

आता दुसऱ्या, म्हणजे व्हिस्कीवाल्यांच्या पक्षाकडे वळतो. त्याचा युक्तिवाद असा: आपल्याकडे आधी ‘बसतात’ आणि मग जेवतात. बसणे आठला, जेवण अकराला. पिण्याबरोबर जेवण नसतेच, चखणा असतो. तेव्हा जेवणाशी वाईन जुळवण्याचा प्रश्नच येत नाही, व्हिस्की-सोडा बरा. यातले निरीक्षण शंभर टक्के खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

पिणे आणि जेवणे यांची ही फारकत आपल्याकडे अनादी काळापासून चालत आलेली नाही. १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि धारावी, शीव, अँटॉप हिलच्या पट्ट्यात हातभट्टीने मूळ धरले. डॉन वरदराजन मुदलियारचा उदय झाला तो याच पट्ट्यातल्या गावठीच्या धंद्यावर. लपून, घाईत, एका बैठकीत नवटाक संपवायचे, वर चणे किंवा उकडलेले अंडे, आणि जेवायला घरी जायचे, ही पद्धत त्या काळात रुजली असे मला वाटते. बंदी सैल झाली, सवय राहिली. कोळीवाड्यातल्या हळदीच्या रात्री पहा, तिथे आजही पिणाऱ्यांची पंगत वेगळी आणि जेवणाऱ्यांची वेगळी.

ठीक आहे, मग वाईन चखण्याशी जुळवा! हे कुणाला का सुचू नये? आपला चखणा तळलेला, खारट, लिंबू पिळलेला असतो. लिंबू आणि मीठ वाईनला मवाळ करतात, तळण तिला काम देते. शिवाय तळलेल्या मांदेल्या, रव्यातले बोंबील, कोळीवाडा कोळंबी, भाजलेले शेंगदाणे, चकली असा वाईनला अनुकूल चखणा जगात फार थोड्या ठिकाणी असेल. युरोपी तक्ता पाच वाढींच्या जेवणासाठी बनवलेला. आपल्याकडे ताटात सगळे एकदम येते, आमटी, कालवण, भात, लोणचे, आणि हात कुठल्या क्रमाने फिरेल हे जेवणाराच जाणतो. त्या ताटाशी एक वाईन जुळवू पाहणे हा हट्ट आहे. तेव्हा संध्याकाळच्या पहिल्या दोन तासांत वाईन, आणि भात आला की पेले उचलून सोलकढी. अपवाद फक्त खोबरे घातलेल्या, कमी तिखट कालवणाचा. त्याला उरलेली शेनिन चालते.

तिसराही एक पक्ष आहे, तो राजकारणातला. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटांत वाईन विकायला मुभा देण्याचे ठरवले. अण्णा हजारे उपोषणाला निघाले, आणि समर्थनार्थ सांगण्यात आले की वाईन म्हणजे दारू नव्हे. हे ऐकून वाईनवर प्रेम करणाऱ्यांनी तरी मान खाली घालायला हवी होती. हिशेब सोपा आहे. ७५० मिलीच्या १३ टक्क्यांच्या बाटलीत साडेसत्त्याण्णव मिली शुद्ध मद्यार्क असतो. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग घेतला तर त्यात पावणेसव्वीस मिली. म्हणजे एक बाटली वाईन ही पावणेचार लार्ज पेगांएवढी. द्राक्ष शेतकऱ्याचे भले व्हावे हे मलाही वाटते, पण त्यासाठी हा आकडा लपवण्याची गरज नाही. यजमानाने तर तो तोंडपाठ ठेवावा. कारण पाहुण्याला घरी परत जायचे असते, आणि पूर्व द्रुतगती मार्ग रात्री बाराला कुणाची गय करत नाही.

वाईन कुठली, हा प्रश्न शिल्लक आहे. शीवहून सुटणारा जुना आग्रा रोड ठाण्यावरून नाशिककडे जातो, आणि तिथे २००० साली सुला वाईनरीच्या पहिल्या बाटल्या बाहेर पडल्या त्या सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँच्या होत्या. पंचवीस वर्षांनंतरही कोळीवाड्याच्या चखण्यासाठी मला या दोन्हींच्या पलीकडे फारसे जावे लागत नाही. नाशिकची द्राक्षे युरोपच्या उलट, हिवाळ्याच्या अखेरीस तोडली जातात. होळीच्या सुमारास वाईनरीत नवा रस आंबत असतो. मटण असेल तर अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोव्हेझे, अर्धा तास थंड केलेली. आणि कुणा मावशीने गोव्याहून आणलेली गोड ‘पोर्ट’ पुढे केली तर तोंड वाकडे करू नये. साखर तिखटाला शमवते, हे तिला आपल्याआधी ठाऊक आहे. बर्फ घालून द्या, कोळंबीबरोबर ती अनेक मानाच्या बाटल्यांना मागे टाकते.

जे पीत नाहीत त्यांचे काय? मराठी घरात दहा पाहुण्यांत निम्मे तरी असे असतात, आणि तक्ता त्यांना मोजतच नाही. त्यांच्यापुढे कोकमाचे सरबत, त्याच पेल्यात, त्याच थंडाव्याचे. ते आंबट आहे, किंचित गोड आहे, त्यात मद्यार्क शून्य आहे. वर सांगितलेल्या प्रत्येक कसोटीवर ते शेनिनपेक्षा उजवे ठरते. ‘एक घोट घेऊन तर बघा’ असे पाहुण्याला म्हणणारा यजमान मला खपत नाही.

सुक्या जवळ्यापुढे मात्र मी हात टेकले. सुकवलेल्या मासळीतली ती मुरलेली चव वाईनला कडू आणि तुरट करते, पांढरी असो की तांबडी. आमसूल वाढवा, लिंबू पिळा, थोडा फरक पडतो, पुरेसा नाही. जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी पानात आली की बाटलीला बूच लावावे. ज्याला प्यायचेच आहे त्याने बिअर घ्यावी.