अर्थशास्त्र शिकून काय सोयाबीन उगवतं का?

परवा आपल्या तालुक्यातल्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला बातमीसाठी गेलो होतो. प्रमुख पाहुणे एक लोकप्रतिनिधी. नाव घेत नाही, व्हिडिओ तुमच्यापैकी अर्ध्या लोकांच्या मोबाईलात असेलच. पोरांना करिअरचं मार्गदर्शन करताना साहेब म्हणाले, "बीए इकॉनॉमिक्स करून काय करता रे? अर्थशास्त्र शिकून काय सोयाबीन उगवतं का? या प्राध्यापक लोकांनी आजवर शेतकऱ्याला काय दिलं ते सांगा." मंडप खळाळून हसला. संस्थाचालक हसले. त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे सरसुद्धा खाली बघत हसले. ते तासिका तत्त्वावर आहेत, न हसून करतील काय!

मी हसलो नाही, पण म्हणून मी काही शूर नाही. ऑफिसला येऊन मीही 'मान्यवरांनी विद्यार्थ्यांना मौलिक मार्गदर्शन केले' हीच ओळ टाईप केली. दोन दिवस ती ओळ घशात अडकून बसली, म्हणून इथं लिहितोय. पोस्ट मोठी आहे. ज्यांनी यंदा पीक विम्याचा फॉर्म भरला त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

साहेब, तुम्ही विचारलंत ना प्राध्यापकांनी काय दिलं? तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर 'पीक विमा मंजूर, साहेबांचे जाहीर आभार' असा बॅनर दोन वर्षं लटकलेला होता. त्या विम्याचा हिशोब ज्या पद्धतीनं होतो, ती पद्धत एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची आहे. वि. म. दांडेकर त्यांचं नाव. जन्म १९२० चा, साताऱ्याचा. म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातला माणूस. आणि या माणसाचं नाव आपल्या तालुक्यात एका चौकाला नाही, एका वाचनालयाला नाही. चौकांना कुणाकुणाची नावं आहेत ते मी सांगायला नको.

आता विम्याची गोष्ट नीट ऐका. १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ कापसावर देशातला पहिला विम्याचा प्रयोग सुरू झाला. एकेका शेतकऱ्याच्या शेतात जाऊन नुकसान मोजायचं, अशी ती पद्धत. काही वर्षं चालला, हजार-तीन हजार शेतकऱ्यांपुरता. हप्ते गोळा झाले साडेचार लाखांच्या आसपास आणि भरपाई द्यावी लागली सदतीस लाखांच्या वर. विमा कंपनीचे डोळे पांढरे झाले. शिवाय या देशातल्या एवढ्या बारक्या बारक्या तुकड्यांवर जाऊन कोण मोजणार, आणि मोजणाऱ्याच्या खिशात कोण काय कोंबणार, हा प्रश्न होताच. त्याच सुमाराला सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञांचंही मत होतं की आपल्याकडं पीक विमा जमणार नाही.

दांडेकरांनी १९७६ मध्ये लेख लिहून मांडलं की जमतो, पण प्रश्न उलटा धरा. एकेक शेत मोजू नका, प्रदेश मोजा. हवामान, जमीन, पीक साधारण सारखं आहे असा भाग घ्या. त्या भागात पीक कापणी प्रयोग करून सरासरी उत्पन्न काढा. नेहमीच्या उत्पन्नापेक्षा ते जितकं घसरेल, त्या प्रमाणात त्या भागातल्या प्रत्येक विमाधारकाला भरपाई. कुणाच्या दारात जायला नको, कुणाचे पाय धरायला नको. १९७९ मध्ये याच पायावर प्रायोगिक योजना आली, १९८५ मध्ये समग्र पीक विमा योजना, १९९९ मध्ये राष्ट्रीय कृषी विमा योजना, आणि २०१६ पासूनची आताची प्रधानमंत्री पीक विमा योजना. नावं बदलली, फोटो बदलले, गाभा तोच राहिला. 'उंबरठा उत्पन्न' हा शब्द तुम्ही तलाठ्याच्या, कृषी सहायकाच्या तोंडी ऐकता, त्याचं मूळ इथं आहे.

उंबरठा उत्पन्न म्हणजे काय, हेही एकदा सांगून टाकतो, कारण सेतू केंद्रावर कुणी सांगत नाही. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं धरायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के घ्यायचे. समजा मंडळाची सरासरी हेक्टरी १० क्विंटल. उंबरठा झाला ७ क्विंटल. यंदा कापणी प्रयोगात निघालं साडेपाच क्विंटल. म्हणजे उंबरठ्याच्या खाली दीड क्विंटल, साधारण २१ टक्के. विमा रकमेच्या तेवढे टक्के मंडळातल्या सगळ्यांना. प्रयोगात साडेसात निघालं तर तुमचं रान धुऊन गेलेलं असलं तरी भोपळा.

इथं मी दांडेकरांवरही बोलणार. देव नाही करत मी कुणाला. या पद्धतीत खोट आहेच. नदीकाठचा शेतकरी बुडतो, माळावरच्याचं बरं पिकतं, आणि सरासरी दोघांनाही एकाच मापात तोलते. पण त्यांच्या मांडणीत 'सारखा भाग' ही अट होती. ती अट कुणी पाळली? आपल्याकडं महसूल मंडळ हे एकक. एका मंडळात पंधरा-वीस गावं, अर्धी काळ्या रानातली, अर्धी खडकाळ. आणि त्या सगळ्यांच्या नशिबाला एका पिकाचे किमान १० कापणी प्रयोग! गेल्या काही वर्षांत मी स्वतः दोन प्रयोगांना उभा राहिलोय. एका ठिकाणी दोरी धरायला माणूस नव्हता म्हणून मीच एक टोक धरलं. दुसऱ्या ठिकाणी पंचनाम्यावर सह्या आधी झाल्या आणि काटा नंतर आला. प्राध्यापकानं सांगितलं की प्रामाणिकपणे मोजा. पुढच्या सगळ्यांनी मोजणं तेवढं सोडून बाकी सगळं घेतलं.

आणि २०२५ मध्ये तर कहर झाला. २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला, गाजावाजा झाला. बोगस अर्जांचा बोभाटा झाला आणि २०२५ च्या खरिपात ती योजना गुंडाळली. तेही एकवेळ समजू. पण त्यासोबत स्थानिक आपत्तीची भरपाई, काढणीनंतरच्या नुकसानीची भरपाई, पेरणीच न झाल्याची भरपाई, हंगामाच्या मध्यातल्या आपत्तीची भरपाई, हे सगळे ट्रिगर काढून टाकले. उरला फक्त कापणी प्रयोग. मग सप्टेंबर उजाडला. मराठवाड्यात काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ७२ तासांत तक्रार करायची जी एक खिडकी होती, ती नेमकी त्याच वर्षी बंद झाली. सरकारी मदतीचं पॅकेज वेगळं, मी विम्याबद्दल बोलतोय. ज्याचं रान खरवडून गेलं, त्या रानात कापणी प्रयोग कशाचा करणार, दगडगोट्यांचा?

आता कुणी म्हणेल, हे सगळं दांडेकरांच्याच पद्धतीनं झालं. नाही हो. डॉक्टरनं दोन गोळ्या आणि पथ्य सांगितलं, तुम्ही एक गोळी घेतली, पथ्य सोडलं आणि डॉक्टरच्या नावानं शिमगा करताय.

या माणसाची सगळी नोकरी तुम्ही बघा. शिक्षण संख्याशास्त्राचं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आले तेव्हा तिथं धनंजयराव गाडगीळ होते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विखे पाटलांच्या सोबतीनं उभा करणारे, त्याचं पहिलं अध्यक्षपद सांभाळणारे तेच गाडगीळ, तेही अर्थशास्त्राचे प्राध्यापक. (साहेब, आपल्या जिल्ह्यातले किती कारखाने चालू आहेत हो?) तिथं दांडेकरांचं काम काय, तर गावोगाव जाऊन पाहण्या करणं. १९५७ मध्ये त्यांनी आणि खुदानपूर यांनी मुंबई कूळ कायद्याचा अहवाल छापला. सरकारी कागद म्हणत होते कुळांना संरक्षण मिळालं. यांनी गावात जाऊन बघितलं तर कुळांनी 'राजीखुशीनं' जमिनी सोडल्याच्या नोंदीच नोंदी. ती राजीखुशी कसली होती ते गावात राहणाऱ्याला सांगायला लागत नाही. कायदा पास झाला म्हणून अंमल झाला असं नसतं, हे आकड्यानिशी सरकारच्या तोंडावर सांगणारा हा माणूस पुढं १९६६ ते १९८० संस्थेचा संचालक होता.

१९७१ च्या जानेवारीत दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास आला. माणसाला रोज २२५० कॅलरी मिळायला किती पैसे लागतात, ते त्यांनी १९६०-६१ च्या भावानं काढलं. खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. आणि त्याखाली किती लोक? साठच्या दशकातल्या भारतात खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले जवळपास निम्मे. दोन महिन्यांनी देशात निवडणूक झाली, घोषणा होती गरिबी हटाव. घोषणा सगळ्यांना पाठ आहे. गरीब किती ते मोजणाऱ्यांची नावं एमपीएससीच्या पोरांना पाठ आहेत, तीही एका मार्कासाठी.

त्याच पुस्तकात त्यांचं म्हणणं होतं की जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, हाताला काम द्या. आपल्याकडं वि. स. पागेंनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात हा प्रयोग आधीच करून पाहिला होता. १९७२ चा दुष्काळ पडला आणि रोजगार हमी राज्यभर गेली. माझे आजोबा त्या कामावर खडी फोडायला होते, घरात अजून तो विषय निघतो. तुमच्या पगारपत्रकात दर महिन्याला व्यवसाय कर कापतात ना? तो १९७५ चा कायदा रोजगार हमीला पैसा उभा करायला आणलेला होता. पुढं दांडेकरांनी साठे यांच्यासोबत १९८० मध्ये याच हमी योजनेची झाडाझडती घेतली. आपल्याला पटलेली गोष्टसुद्धा तपासायची, ही सवय आज कुणाला आहे? मला तरी आहे का, विचार करावा लागेल.

आणि अनुशेष! हा शब्द तर मराठवाड्याच्या प्रत्येक भाषणात मिठासारखा. मोजला कुणी? १९८३ मध्ये नेमलेल्या समितीनं, जिचे अध्यक्ष हेच दांडेकर. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज अशी नऊ क्षेत्रं घेतली, जिल्हा-जिल्ह्याची राज्याच्या सरासरीशी तुलना केली, आणि १९८४ मध्ये एकूण अनुशेष सांगितला ३१८६ कोटी. मराठवाड्याचा साडेसातशे कोटींचा, विदर्भाचा साडेबाराशेच्या आसपास. सगळ्यात मोठा आकडा सिंचनाचा. सरकारनं तो अहवाल रीतसर स्वीकारलाच नाही. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये विकास मंडळं आली. नव्यानं मोजणी झाली तर अनुशेष १४ हजार कोटींच्या घरात. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. तेव्हा आपण सगळे कोरोनात घरी बसलो होतो, कुणाच्या लक्षातही आलं नाही. मीही सिंगल कॉलम बातमी केली होती, ती जाहिरातीखाली गेली.

तर साहेब, एका प्राध्यापकाच्या नोकरीतून एवढं निघालं. कूळ कायदा, दारिद्र्यरेषा, अनुशेष, पीक विमा. यातली एकही गोष्ट न उच्चारता तुम्ही एक तरी निवडणूक लढवून दाखवा.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. दांडेकर निपजले कारण त्यांना पाहणी करायला पगार मिळत होता, वेळ मिळत होता, आणि अप्रिय आकडा छापला म्हणून उद्या काढून टाकतील ही भीती नव्हती. आज त्या मंडपात खाली मान घालून हसणारे सर बघा. नेट झालेले, पीएचडी झालेले, वय चाळिशीला टेकलेलं. तासावर पैसे, तेही सहा-सहा महिने अडकलेले. उन्हाळ्यात काहीच नाही. पर्मनंट जागेचा 'रेट' किती, हे मी लिहिलं तर मला नोटीस येईल, आणि नाही लिहिलं तरी तुम्हाला माहीत आहे. त्या सरांनी मला मागं सांगितलं होतं की आपल्या तीन मंडळांतले मागच्या दहा वर्षांचे कापणी प्रयोगाचे आकडे मिळाले, तर उंबरठा उत्पन्न कसं घसरत गेलं ते काढून दाखवता येईल. सलग वाईट वर्षं आली की चांगली पाच वर्षंही वाईटच निघतात आणि उंबरठा आपोआप खाली येतो. म्हणजे जितकं बुडाल तितकं भरपाईपासून लांब. हा अभ्यास आपल्या तालुक्यासाठी सोन्यासारखा आहे. मी विचारलं, मग करा की सर. ते म्हणाले, "माझं मार्चमध्ये रिन्युअल आहे. त्यात संस्थेचे अध्यक्ष कोण आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे."

मला ठाऊक आहे. ते स्टेजवर पाहुण्यांच्या शेजारी बसून हसत होते.

म्हणून मी काल माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. आपल्या तिन्ही मंडळांचे सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे दहा वर्षांचे कापणी प्रयोग, प्लॉटचे गट नंबर आणि पंचांच्या नावांसकट. अर्ज माझ्या नावानं आहे, सरांचा त्यात काही संबंध नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. आकडे आले की इथंच टाकीन. आणि हरभऱ्याचे यंदाचे प्रयोग फेब्रुवारी-मार्चमध्ये होतील. तुमच्या गावात कृषी सहायक दोरी घेऊन आला की मला फोन करा, रात्री-बेरात्री केला तरी चालेल. मी येतो, काट्याचा फोटो काढू. दोरीचं एक टोक तुम्ही धरा.