समजून घ्या : बेचिराख झालेलं वॉर्सा पुन्हा ‘जुनं’ कसं झालं? कोकणाने त्यातून काय घ्यावं?

युरोपची सहल म्हटली की आपल्याकडे पॅरिस, रोम आणि स्वित्झर्लंड ठरलेलं. पोलंडची राजधानी वॉर्सा त्या यादीत सहसा नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी तिथे गेले आणि कोल्हापूरचं नाव असलेल्या स्मारकाला त्यांनी अभिवादन केलं, तेव्हा हे शहर मराठी बातम्यांत आलं. जाण्याची संधी मिळाली तर वॉर्सा जरूर बघावं. तिथल्या ज्या ‘जुन्या’ चौकात पर्यटक फोटो काढतात, तो आज दिसतो त्या रूपात १९५३ मध्ये खुला झाला. म्हणजे आपल्या रत्नागिरीतला थिबा पॅलेस त्याच्यापेक्षा चाळीसेक वर्षांनी मोठा!

वॉर्सात कोल्हापूर कुठून आलं?

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघात हद्दपार केले गेलेले हजारो पोलिश नागरिक इराणमार्गे भारतात आले. त्यात बायका-मुलंच जास्त. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत सुमारे ५ हजार पोलिश लोक राहिले. त्या आसऱ्याची आठवण म्हणून २०१७ मध्ये वॉर्सात स्मारक उभं राहिलं. इकडे वळिवड्यात फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्या जागी आजचं गांधीनगर वसलं. छावणीच्या बहुतेक खुणा बाजारपेठेच्या गर्दीत पुसल्या गेल्या.

वॉर्साचं नेमकं काय झालं होतं?

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीच्या बॉम्बहल्ल्यांत शहर पहिल्यांदा होरपळलं. १९४३ मध्ये ज्यूंच्या घेट्टोतला उठाव चिरडून नाझींनी तो सगळा भाग जमीनदोस्त केला. १ ऑगस्ट १९४४ रोजी शहरात मोठा उठाव झाला. तो ६३ दिवस चालला आणि हरला. त्यानंतर जर्मन पथकांनी एकेक इमारत ठरवून जाळली, सुरुंग लावून उडवली. युनेस्कोच्या नोंदीनुसार ऐतिहासिक भागाचा ८५ टक्क्यांहून अधिक हिस्सा नष्ट झाला. राजधानी दुसरीकडे हलवावी, असाही विचार तेव्हा बोलून दाखवला गेला.

मग ते पुन्हा उभं कसं राहिलं?

पैसा आणि श्रम लागलेच. पण त्याआधी लागली कागदपत्रं. युद्धापूर्वी वॉर्सा तंत्र विद्यापीठात प्राध्यापक ओस्कार सोस्नोव्स्की यांच्या विभागातले विद्यार्थी जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे काढत. दार किती रुंद, कमान किती उंच, खिडकीची चौकट कशी, हे सगळं त्यात होतं. सोस्नोव्स्की १९३९ मध्येच मारले गेले. त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदपत्रांचा मोठा साठा प्योत्रकुफ शहरातल्या मठात लपवला आणि तो वाचला.

फेब्रुवारी १९४५ मध्ये पुनर्बांधणीचं कार्यालय सुरू झालं, तेव्हा वास्तुरचनाकार यान झाख्वातोविच आणि त्यांच्या चमूच्या हाताशी हे नकाशे होते. जोडीला अठराव्या शतकातल्या बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराची शहराची तपशीलवार चित्रं होती. आजही क्राकोव्स्किए प्शेदमिएश्चिए या रस्त्यावर त्या चित्रांच्या प्रती लावल्या आहेत. चित्र आणि समोरची इमारत ताडून बघता येते. राजवाड्याचं काम मात्र १९७१ मध्ये लोकवर्गणीतून हाती घेतलं गेलं आणि १९८४ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला.

हे सगळं ‘नकली’ नाही का?

आक्षेप रास्त आहे. बाहेरून जुन्या दिसणाऱ्या कित्येक घरांत आत नव्या पद्धतीचे फ्लॅट आहेत. बेलोत्तोनेही काही ठिकाणी वास्तव सजवून रंगवलं होतं. विटांसाठी इतर शहरांतल्या इमारती पाडल्या गेल्या, याची सल तिथे अजून आहे. घेट्टोचा भाग पूर्वीसारखा बांधलाच नाही. ढिगाऱ्यावर मुरानूफ ही नवी वसाहत उभी राहिली. काय परत आणायचं आणि काय नाही, हेही शेवटी कोणीतरी ठरवलंच.

तरीही युनेस्कोने १९८० मध्ये या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. २०११ मध्ये पुनर्बांधणी कार्यालयाच्या दफ्तरालाही जागतिक स्मृतिठेव्यात स्थान मिळालं. इमारतींइतकाच मान त्यांच्या कागदांना मिळाला. माझ्या मते वॉर्सा बघताना लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच.

याचा रत्नागिरीशी काय संबंध?

आपल्याकडे बॉम्ब पडले नाहीत. पण जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात घरांची छपरं उडवली. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं आणि १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं. याखेरीज रोजचा जेसीबी आहेच.

हर्णैचा सुवर्णदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, याचा आनंद आहे. थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मस्थान यांची निदान सरकारदरबारी नोंद आहे. पण जांभ्याच्या भिंती, ओटी, पडवी, माजघर, लाकडी माळा आणि वर मंगळुरी कौलं असलेल्या साध्या घरांची नोंद कोण ठेवतंय? भावाभावांत हिस्से पडतात, घरातले मुंबईला असतात, वाळवी लागते, चांगलं लाकूड आणि ते जोडणारा सुतार परवडत नाही. मग घर पाडून इमारत उभी राहते. त्याबद्दल मालकाला दोष देणं सोपं आहे, पण पावसाळ्यात गळणारं छप्पर त्याच्याच डोक्यावर असतं. म्हणून ‘प्रत्येक घर वाचवा’ ही मागणी मला पोकळ वाटते. मागणी असावी ती एवढीच : पाडण्याआधी मोजा.

करायचं काय?

• जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्थापत्यचे विद्यार्थी सर्वेक्षण आणि इमारतीचं ड्रॉइंग शिकतातच. त्यांच्या प्रकल्पासाठी दरवर्षी आसपासची जुनी घरं द्यावीत. तळमजल्याचा आराखडा, दर्शनी बाजू आणि उभा छेद, एवढं प्रत्येक घराचं हवं.

• नगर परिषद किंवा ग्रामपंचायतीने जुनं घर पाडण्याची परवानगी देताना फोटो आणि मोजमापाची एक प्रत दफ्तरी घ्यावी. हे काम संस्थेने मोफत करावं. मालकाला खर्च किंवा हेलपाटे पडले तर ही योजना पहिल्याच महिन्यात बारगळेल.

• घर तुमचंच असेल तर मोबाइल पुरेसा आहे. प्रत्येक भिंतीचे फोटो सरकत सरकत असे काढा की एका फोटोतला बराचसा भाग पुढच्या फोटोत पुन्हा येईल. अशा फोटोंवरून सॉफ्टवेअर घराची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतं. मापाचा अंदाज यावा म्हणून चौकटीत टेप धरा. खांबावरचं कोरीव काम, कौलांखालचे वासे, कडी-कोयंडे विसरू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कोणती खोली कशासाठी होती, हे रेकॉर्ड करा.

• हे सगळं एकाच फोनमध्ये ठेवू नका. वॉर्साचे कागद वाचले, कारण ते वेळीच शहराबाहेर नेले होते. एक प्रत मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकाकडे, एक गावच्या वाचनालयात ठेवा.

गणपतीला घरं पुन्हा माणसांनी भरतील. मोजायला चार हात आणि सांगायला जुनी माणसं एकत्र मिळण्याचे तेच दिवस. आरती झाल्यावर तासभर काढला तर एका घराचं काम होऊन जातं.